३१ मे आणि सव्वीस विहिरी

१ जून हा महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस. शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहून टाकलेला. आणि १ तारखेला जन्मलेला माणूस नोकरीतून आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला शाल-नारळांची गर्दी. सरही त्यातलेच. खरी जन्मतारीख विचारली तर म्हणाले, ''आई सांगायची, विहीर काठोकाठ भरली होती तेव्हाचा तू.''

माझी बहीण युनिव्हर्सिटीच्या पर्यावरण विभागात एमएस्सी करते. सर दर मेमध्ये पोरांना घेऊन दौंड तालुक्यातल्या त्याच सव्वीस विहिरींची पाणीपातळी मोजायचे, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा. पावसाळ्याआधी पाणी सगळ्यात खाली असतं, पावसाळ्यानंतर वर. मधला फरक म्हणजे पावसाने जमिनीत काय टाकलं त्याचा अंदाज. कंपनीने मला एका ईमेलवर घरी बसवलं होतं, त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. ''दादा, नुसता लॅपटॉप उघडून बसतोस. चल,'' ती म्हणाली.

काम पहाटेचं. लाईट आली की मोटारी सुरू होतात आणि पातळी खोटी होते. स्टीलच्या टेपला टोकाकडे खडू फासायचा, टेप आत सोडायची, वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं. मग कठड्याची उंची वजा करायची. एवढंच. पण आपला काळा दगड स्पंजासारखा नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांत. त्यामुळे शंभर पावलांवरच्या दोन विहिरी भावकीसारख्या असतात, बांधाला बांध लागून, पण एकमेकींशी बोलणं नाही.

माझ्याकडे रजिस्टरं आली. एकोणीस वर्षांची, सरांच्या बारीक अक्षरातली. ती मी शीटमध्ये भरली, वर एक स्क्रिप्ट लिहिली. अकरा नंबरच्या विहिरीचं पाणी काही वर्षी भर मेमध्ये चढलेलं दिसत होतं. असं कसं होईल? स्क्रिप्टने ते आकडे चूक ठरवून उडवले आणि आलेख छान गुळगुळीत झाला. मी खूश. खूप दिवसांनी काहीतरी जमलं होतं.

सरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. ''हे कोणी पुसलं?''

त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. त्या नोंदींपुढे समासात लाल शाईने 'का.पा.' लिहिलं होतं. मला ती कुणाची तरी सही वाटली होती. ''कालव्याचं पाणी,'' सर म्हणाले. मुठा उजव्या कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटलं की पाझर त्या विहिरीत उतरतो. म्हणजे त्या रजिस्टरातली सगळ्यात बोलकी नोंद मी कचरा म्हणून फेकली होती.

ते चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ''तुमच्या गावच्या विहिरीला आत्ता किती पाणी आहे रे?''

गाव पारनेर तालुक्यात. त्या विहिरीत मी पाठीला डबा बांधून पोहायला शिकलो. शेवटचं आत डोकावलो ते आठवीत.

''माहीत नाही, सर.''

३१ मेला भाषणं झाली, समोसे झाले. सरांची जागा भरणार का, ऑक्टोबरमध्ये कोण जाणार, हे कुणी काढलं नाही. सगळे उठल्यावर सरांनी टेप बहिणीच्या सॅकमध्ये टाकली. रजिस्टरं विभागाच्या कपाटात राहिली, आणि माझ्या शीटमध्ये, अकरा नंबर पुसलेल्या आकड्यांसकट परत लावून, शेजारी 'का.पा.'चा वेगळा रकाना करून.

त्याच शनिवारी ती टेप मागून घेऊन मी गावी गेलो. काका कठड्यावर येऊन हसले. ''मोजतोस काय? दिसतंय की डोळ्यांनी.'' भिजलेला खडू ११.३० मीटरवर. कठडा ०.७०. म्हणजे १०.६०. आकडा सरांना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. निवृत्त माणसाचं उत्तर मिनिटभरात आलं: ''मोटार बंद करून किती वेळ झाला होता?''

काकांना विचारलं. मला येताना बघून त्यांनी बटण दाबलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला, मोबाईलच्या उजेडात, परत गेलो. १०.२०.