जरा सरकून घ्या

'जरा सरकून घ्या' या तीन शब्दांइतके अप्रिय शब्द मराठी भाषेत फार नसतील. आपण एस. टी.त जागा धरलेली असते, पिशवी मांडीवर नीट बसलेली असते, पाय कुठे ठेवायचे याचाही निकाल लागलेला असतो; आणि तेवढ्यात घामाघूम झालेला एक गृहस्थ येऊन आपल्या बाकाकडे पाहत ते तीन शब्द उच्चारतो. मग आपल्याला एकाएकी खिडकीबाहेरचे काहीतरी फार महत्त्वाचे दिसू लागते. पाच मिनिटांपूर्वी आपणही असेच उभे होतो आणि याच शब्दांनी कुणाला तरी सरकवून इथे बसलो, हे आपण साफ विसरलेले असतो. बूड टेकले की जागा वडिलोपार्जित होते!

गेल्या दिवाळीत भाऊबीजेच्या सकाळी मी भंडाऱ्याहून पवनीला निघालो होतो. बहीण तिथे असते. पंच्याहत्तरी गाठल्यापासून एस. टी. मला फुकट नेते, आणि बायकांना अर्ध्या तिकिटात; तेव्हा भाऊबीजेच्या दिवशी त्या गाडीची काय अवस्था असेल ते सांगायला नको. बाहेर हलका धान कापून पडला होता, त्याचा ओलसर वास गाडीत येत होता. मी दांड्याला धरून, कधी या गुडघ्यावर तर कधी त्या गुडघ्यावर भार देत उभा होतो. तेवढ्यात तिघांच्या बाकाच्या कडेला बसलेला एक माणूस शेजाऱ्यांना म्हणाला, "सरका जी जरा. काकांले बसू द्या."

शेजारी कुरकुरले, पण सरकले. त्या माणसाने मला आधार द्यायला उजवा हात पुढे केला. मी तो धरला, आणि माझ्या हाताला काहीतरी चुकल्यासारखे वाटले. त्या हाताला अंगठा नव्हता.

मग मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. तो आमचा पहेलवान होता.

हे सांगायचे तर 1997 सालात जायला हवे. गोंदिया अजून वेगळा जिल्हा व्हायचा होता, आणि मी भंडाऱ्याहून सायकलने जाता येईल अशा एका खाजगी कारखान्यात कामाला होतो. त्याचे नाव सांगत नाही. जे घडले त्यात कारखान्यापेक्षा आमचाच वाटा अधिक होता. पहेलवान तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. गावोगावच्या मंडईतल्या कुस्त्या मारत असे, म्हणून हे नाव. पॉवर प्रेसवर काम करताना एका दुपारी त्याच्या उजव्या हाताचा अंगठा गेला.

अशा वेळी कायदा काय करतो? तेव्हा 1923 सालचा नुकसानभरपाईचा कायदा होता आणि त्याला एक कोष्टक जोडलेले होते. एका हाताची चारही बोटे गेली तर कमाईची ताकद 50 टक्के गेली, दोन गेली तर 20 टक्के, अंगठा गेला तर 30 टक्के, असा तो हिशेब. म्हणजे कोष्टकाच्या मते पहेलवानाचा 70 टक्के माणूस शिल्लक होता. परंतु प्रेसवर 70 टक्के माणसाला काम नसते. तिथे पकड लागते, आणि पकड सगळी अंगठ्याची. कायदा पैसे देववीत होता. काम देववीत नव्हता. उलट 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात असे होते की सततच्या आजारपणामुळे कुणाला कमी केले तर ती कामगारकपात धरली जात नसे. मग कपातीची भरपाईही नाही. माणूस आपोआप गळून पडलेल्या पानासारखा!

नाही म्हणायला 1995 चा अपंग व्यक्तींचा कायदा नुकताच, फेब्रुवारी 1996 पासून, लागू झाला होता. त्याच्या 47 व्या कलमात लिहिले होते, की नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाला काढता येणार नाही आणि खालच्या जागेवरही टाकता येणार नाही. तो जुने काम करू शकत नसेल तर त्याच पगारावर दुसरे काम द्या. आणि तशी जागा रिकामी नसेल, तर ती मिळेपर्यंत किंवा तो निवृत्त होईपर्यंत त्याच्यासाठी एक जादा जागा निर्माण करा. हे 'जादा जागा' शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावेत. परंतु ते कलम सरकारी आणि निमसरकारी आस्थापनांसाठी होते. आमच्या फाटकापाशी येऊन ते थांबले.

आमच्या फाटकाच्या आत चालत होता तो युनियनचा करार. त्या करारात एक कलम होते: हलक्या कामाची जागा रिकामी झाली की ती सेवाज्येष्ठतेने भरायची. हे कलम वाईट होते असे कुणी समजू नये. ते येण्यापूर्वी हलके काम सुपरवायझरच्या मर्जीतल्या माणसाला मिळे. त्याच्या घरी तांदळाचे पोते पोचवणाऱ्याला आधी मिळे. यादी आली आणि लाचारी संपली. ती यादी मिळवण्यासाठी आम्ही फाटकावर उन्हात बसलो होतो. मीही बसलो होतो.

त्या दिवाळीत हत्यारांच्या स्टोअरमधली खुर्ची रिकामी होणार होती. हत्यारे द्यायची, वहीत मांडायची, संध्याकाळी मोजून परत घ्यायची. डाव्या हातानेही होईल असे काम. यादीत पहिले नाव माझे होते. चोवीस वर्षे यंत्रापुढे उभा राहिलेला मी माझ्या गुडघ्यांना त्या खुर्चीचे वचन देऊन बसलो होतो.

व्यवस्थापनाने युनियनला कळवले: पहेलवानाला देण्याजोगे हलके काम ते एवढेच. ते यादीप्रमाणे दुसऱ्याचे. तुमची संमती असेल तर त्याला देऊ, नसेल तर आम्ही कराराने बांधलेले.

दिवाळीच्या आठ दिवस आधी सभा झाली. बोनसचा विषय आधी आटोपला, मग हा निघाला. सेक्रेटरी म्हणाले, "पोरगा आपला आहे. एक वेळ यादी बाजूला ठेवू." सभेत शांतता झाली, आणि ती मी मोडली. मी उठलो आणि बोललो. फार चांगले बोललो, असे लोक नंतर म्हणाले. यादी कशी मिळवली ते सांगितले. आज दयेपोटी वाकवली तर उद्या मर्जीपोटी वाकेल, असे सांगितले. शेवटी हळूच गुडघ्यांचाही उल्लेख केला. पंचेचाळिशीच्या पुढची सगळी डोकी हलली. प्रत्येकाचा कुठेतरी नंबर होता. माझे एकही वाक्य खोटे नव्हते. खोटे नसलेल्या वाक्यांनीही माणसाला किती बेमालूम लपता येते, हे मला त्या दिवशी कळायला हवे होते.

पहेलवान मागे दाराशी बसला होता. हाताला अजून पट्टी होती. सेक्रेटरींनी त्याला विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, "काकांचा नंबर हाय जी. त्यांचे गुडघे खरंच दुखतात."

सभेच्या वहीत सगळ्यांनी सह्या केल्या. दोघे-तिघे जुने लोक अंगठा उठवणारे होते. त्यांनी शाईच्या गादीवर अंगठा दाबून तो कागदावर टेकला. मग वही पहेलवानापुढे आली. त्याने डाव्या हाताने सही केली. पहिलीतल्या पोराने पाटीवर काढावी तशी अक्षरे. मी ती पाहिली आणि पान उलटून वही पुढे दिली.

खुर्ची मला मिळाली. पहेलवान भरपाई घेऊन गावी गेला. त्याची बायको विड्या वळत असे. आपल्या जिल्ह्यात अडल्या घराला तोच आधार. पण विडी वळायलाही अंगठा लागतो. तो पाने कातरून देऊ लागला, असे कानावर आले. मी घरी खुर्चीची बातमी सांगितली तेव्हा पत्नी पणत्यांच्या वाती वळत होती. ती म्हणाली, "तुमाले बसायले भेटलं, बरं झालं. त्याले का भेटलं?" आणि तिने पुढची वात घेतली.

पुढे जवळजवळ अकरा वर्षे मी त्या खुर्चीवर बसलो. स्टोअरमध्ये दुपारी काम कमी असे. हाती येईल तो कायद्याचा कागद मी वाचू लागलो. का, ते तुम्हाला सांगायला नको. 2003 साली सर्वोच्च न्यायालयाने पाय कापावा लागलेल्या एका शिपायाच्या बाजूने निकाल दिला. त्याला निवृत्तिवेतन मिळते म्हणून 47 व्या कलमाचे संरक्षण जात नाही, असे न्यायालय म्हणाले. 2016 च्या नव्या कायद्यातही हेच संरक्षण 20 व्या कलमात कायम राहिले.

पण मला हलवून सोडले ते एका परदेशी निकालाने. कॅनडातल्या एका शाळेत झाडलोट करणारा एक माणूस होता. त्याच्या धर्माप्रमाणे शुक्रवारी सूर्यास्तानंतर काम वर्ज्य, आणि पाळी नेमकी शुक्रवारी रात्री अकरापर्यंत. शाळा त्याला रविवार ते गुरुवार काम द्यायला तयार होती. अडवले ते युनियनने. करारात तसे बसत नाही म्हणून. त्याची नोकरी गेली. 1992 साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मालकाइतकेच युनियनलाही जबाबदार धरले. इतर कामगारांच्या हक्कांवर मोठा घाला पडत असेल तर तो विचारात घ्यावा लागेल, हे न्यायालयाने मान्य केले. पण थोडीशी गैरसोय म्हणजे घाला नव्हे. माणसाला सामावून घेण्याच्या वाटेत करार धरून आडवे पडणारी युनियनही त्या अन्यायात भागीदार होते. ते वाचताना मला सभेतले माझे चांगले भाषण शब्दन् शब्द आठवले.

आणि गेल्या वर्षी, ऑगस्ट 2025 मध्ये, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तेलंगणाच्या एस. टी.तल्या एका ड्रायव्हरला न्याय दिला. रंग ओळखता येत नाहीत म्हणून त्याला घरी पाठवले होते. त्याच्या कामी आला तो महामंडळ आणि युनियन यांच्यातला 1979 सालचा एक करार. असा ड्रायव्हर निघाला तर त्याला पगार राखून दुसरे काम द्यावे, असे त्यात लिहिलेले होते. ज्यांनी ते कलम मागून घेतले त्यांनी हा ड्रायव्हर पाहिलाही नसेल. तरी त्यांनी कितीतरी वर्षे आधी त्याच्यासाठी जागा धरून ठेवली होती.

करार आमच्याही हातात होता. खुर्ची एकच आहे, एक तर ती माझी नाही तर त्याची, हे आम्हाला कुणी सांगितले? आम्हीच धरून चाललो. चौथ्या माणसासाठी जादा जागा मागावी, हे त्या सभेत कुणालाही सुचले नाही. कायदा फाटकाशी थांबला होता हे खरे. पण त्यातली दोन ओळींची अक्कल उचलून करारात लिहायला आम्हाला कोण अडवीत होते? कदाचित मिळाली नसती. पण आम्ही मागितलीच नाही. मी इतके चांगले बोललो की मागायची गरजच उरली नाही.

हे सगळे त्या बाकावर माझ्या मनात चालले होते. चौघे जण तिघांच्या जागेत बसलो होतो. कुणालाच नीट बसता येत नव्हते आणि कुणीच उभे नव्हते. पहेला मागे गेले. पहेलवानाने सांगितले, की बरीच वर्षे एका राइस मिलवर रात्रीचा पहारा केला, मुलगी आता नर्स झाली आहे. मी सांगायचे ते शब्द जुळवीत होतो. अठ्ठावीस वर्षे जुळवलेले होते, तरी ऐन वेळी सापडेनात.

तेवढ्यात अड्याळ आले. तो उतरायला उठला, पिशवी डाव्या हातात घेतली आणि माझ्याकडे वाकून अगदी आपुलकीने म्हणाला,

"काका, गुडघे कसे हायेत आता?"

मी "बरे आहेत" म्हणालो. तो उतरला. त्याच्या जागेकडे पाहत एक बाई उभी होती. मी सरकलो.