आमच्या वस्तीवर आलेले अस्वल

मी इयत्ता चौथीत शिकतो. आमचे घर गावात नाही, वस्तीवर आहे. आमच्या वस्तीवर सहा घरे आहेत. खालच्या अंगाला कालव्याचे पाणी आहे म्हणून तिकडे ऊस आहे. वरच्या अंगाला नुसता माळ आहे. माळावर कुसळीचे गवत, बोरी, हिवर आणि तरवड आहे. माळ ओलांडून पुढे गेले की कडबनवाडीचे रान लागते. हे रान आपल्या इंदापूर तालुक्यात चिंकारा हरणांसाठी प्रसिद्ध आहे.

वस्तीपासून शाळा दीड किलोमीटर आहे. मध्ये एक ओढा लागतो. पावसाळ्यात त्याला पाणी असते, एरवी नुसती वाळू असते. ही गोष्ट त्या ओढ्यात घडली.

मार्गशीर्ष महिना होता. थंडी पडली होती आणि दिवस लवकर मावळत होता. आमच्या चंद्री शेळीला दोन करडे झाली आहेत. त्यातले काळे करडू लय वांड आहे. त्या दिवशी शेळ्या घरी आल्या पण काळे करडू आले नाही. आई म्हणाली, "जा रं, वड्याकडं बघून ये. लांब जाऊ नको." मी पळत गेलो.

करडू ओढ्याच्या काठाला बोरीच्या जाळीत अडकले होते आणि बें बें करत होते. मी त्याला ओढून काढले. हाताला काटे लागले. करडू काखेत घेऊन उठतो तर तरवडाच्या मागे काहीतरी हलले. मी नीट बघितले. काळपट रंगाचे जनावर होते. आमच्या वाघ्या कुत्र्यापेक्षा मोठे होते. त्याची पाठ पुढे उंच आणि मागे उतरती होती. पाठीवरचे केस ताठ उभे होते. ते भुंकले नाही, गुरगुरले नाही. नुसते माझ्याकडे बघत राहिले. काखेतले करडूसुद्धा ओरडायचे थांबले.

मग काय, मी जो पळत सुटलो तो थेट अंगणात. माझी एक चप्पल वाळूतच राहिली. दारात आजी होती. मी म्हणालो, "आजी, अस्वल!"

मी अस्वलच का म्हणालो ते सांगतो. माझ्या आजीच्या गळ्यात एक ताईत आहे. त्यात अस्वलाचा केस आहे. आजी लहान असताना त्यांच्या गावात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. अस्वलाच्या नाकात वेसण असायची. ते मागच्या दोन पायांवर उभे राहून नाचायचे. पोरांनी भिऊ नये म्हणून बाया अस्वलाचा केस मागून घ्यायच्या आणि ताईतात घालायच्या. आजीने मला ही गोष्ट पुष्कळ वेळा सांगितली आहे. म्हणून केसाळ काळे जनावर दिसल्यावर माझ्या तोंडात तेच आले.

घरात एकच गोंधळ झाला. अण्णा काठी घेऊन आले. शेजारचे तात्या बॅटरी घेऊन आले. सगळी वस्ती आमच्या अंगणात जमली. सगळे मलाच विचारू लागले. माझ्याभोवती एवढी माणसे आजपर्यंत कधी जमली नव्हती. तात्या म्हणाले, "उभं ऱ्हायलं का रं दोन पायांवर?"

मी म्हणालो, "हो."

"नखं किवढी होती?"

मी हाताने वीतभर दाखवली. खरे तर मला नखे दिसलीच नव्हती. ते उभेसुद्धा राहिले नव्हते. पण मी तसे बोलून गेलो. मोठी माणसे बॅटरी घेऊन ओढ्याला गेली. जनावर नव्हते, पण वाळूत ठसे होते. तात्या म्हणाले, "पोरगं खरं बोलतंय."

दुसऱ्या दिवशी सगळ्या गावात बातमी झाली. कोणीतरी मोबाईलवर अस्वलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिले की हे आपल्या ओढ्यातले अस्वल. ताईने तो बघितला आणि म्हणाली, "ह्या फोटोत येवढी उंच हिरवी झाडं आहेत. आपल्या माळावर अशी कुठायत?" पण तिचे कोणी ऐकले नाही. त्या दिवशी आमच्या वर्गात अकराच मुले आली. वस्त्यांवरची मुले आली नाहीत. मला अण्णांनी मोटारसायकलवर सोडले. वर्गात सगळ्यांनी मला अस्वलाची गोष्ट सांगायला लावली. मी ती तीन वेळा सांगितली. तिसऱ्या वेळेला अस्वल माझ्यामागे पळत आले होते.

पहिल्या दिवशी मला मजा वाटली. नंतर वाटली नाही.

माझी ताई दहावीला आहे. तिची शाळा लांब आहे. ती सायकलवर जाते. सकाळी सात वाजता तिचा गणिताचा जादा तास असतो, म्हणून ती अंधारातच निघते. आबा म्हणाले, "पोरीला पाठवायची न्हाय. जनावर धरल्याबगर घराभायेर पाऊल टाकायचं न्हाय." ताई म्हणाली, "आबा, माझी परीक्षा जवळ आलीय." तेव्हा आबा म्हणाले, "परीक्षा काय, पुढल्या सालीबी येती." ताई पुढे काही बोलली नाही. पुस्तक घेऊन भिंतीकडे तोंड करून बसली. तिचे चार दिवस बुडाले.

त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. अण्णांना रात्री बारा वाजता उसाला पाणी धरायला जावे लागायचे. आता आईसुद्धा त्यांच्याबरोबर जाऊ लागली, कारण एकट्याने जायचे नाही असे ठरले होते. मी आजीजवळ झोपायचो. आई परत येईपर्यंत माझा डोळा लागायचा नाही. मला वाटायचे, मी खोटे बोललो आणि खरेच अस्वल आले तर?

चौथ्या रात्री तात्या आमच्याकडे आले. त्याच्या आठ दिवस आधी आमच्या म्हशीचे रेडकू मेले होते. अण्णांनी ते ओढ्यात टाकले होते. तात्या म्हणाले, "जनावर त्याच रेडकावर येतंय. त्यात औषध घालतो. उद्या रात्री इषय संपला." औषध म्हणजे विष. आबा म्हणाले, "वाघ्याला बांधून ठिवा म्हंजे झालं." पण माळावर मेंढपाळांचा वाडा उतरला होता. त्यांची कुत्री मोकळी असतात. त्यांना कोण बांधणार? मी गोधडीत सगळे ऐकत होतो. मला रडू आले.

सकाळी शाळेत गेल्यावर मी गुरुजींजवळ गेलो आणि औषधाचे सांगितले. नखांचे मात्र सांगितले नाही. गुरुजींनी लगेच वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन लावला. दुपारी खाकी कपड्यातले वनरक्षक काका मोटारसायकलवर आले. गुरुजी आणि मी त्यांच्याबरोबर ओढ्याला गेलो. आमचे अण्णा, आबा, तात्या आणि ताईसुद्धा आली.

काकांनी आधी रेडकू बघितले. हाडेसुद्धा चावलेली होती. मग ते वाळूत गुडघ्यावर बसले आणि मला म्हणाले, "इकडे ये. बोटे मोज." मी मोजली. चार होती. ते म्हणाले, "अस्वलाला पाच बोटे असतात. त्याची नखे लांब असतात आणि ठशाच्या पुष्कळ पुढे उमटतात. मागच्या पायाचा ठसा तर माणसाच्या पावलासारखा दिसतो. हा ठसा तसा आहे का?" नव्हता. तो कुत्र्याच्या ठशासारखा होता, पण मोठा. पुढच्या पायाचा मोठा आणि मागच्या पायाचा लहान होता. थोडे पुढे गेल्यावर पांढरी विष्ठा दिसली. काका म्हणाले, "जे जनावर हाडे खाते त्याची विष्ठा वाळल्यावर अशी पांढरी होते."

मग त्यांनी मला विचारले, "तू किती लांबून बघितलेस?"

मी म्हणालो, "चिंचेपासून गोठ्याएवढे."

"पाठ कशी होती?"

"पुढे उंच, मागे उतरती."

"दोन पायांवर उभे राहिले होते का?"

सगळे माझ्याकडे बघत होते. ताई पण बघत होती. मी खाली बघितले. मग म्हणालो, "नाही. मी खोटे बोललो. नखेपण दिसली नव्हती."

मला वाटले, अण्णा आता मारणार. पण त्यांनी मारले नाही. थोडा वेळ कोणीच बोलले नाही. मग अण्णा म्हणाले, "तू भ्यालास त्याचं काय न्हाय. म्या बी भ्यालो असतो. पण जेवढं बघितलं तेवढंच सांगायचं. तुझ्या एका शब्दावर तुझी ताई चार दिस घरात बसली." मला माराची एवढी लाज वाटली नसती.

काकांनी बाभळीच्या खोडाला एक कॅमेरा बांधला. त्याच्यासमोरून काही गेले की तो आपोआप फोटो काढतो. तात्यांना ते म्हणाले, "विष घालू नका. १९७२ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. विष खाल्लेले जनावर मरते, आणि ते खाणारी कुत्रीसुद्धा मरतात." तात्यांनी मान हलवली आणि खिशातली पुडी पुन्हा आत सारली. ती त्यांनी दुकानात परत दिली असे अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले. त्यांनी मोबाईलमध्ये फोटो दाखवला. रात्रीचे दोन वाजून दहा मिनिटे झाली होती. रेडकाजवळ एक जनावर उभे होते. अंगावर काळे पट्टे, मोठे टोकदार कान, मानेपासून पाठीपर्यंत आयाळ आणि झुपकेदार शेपूट. काका म्हणाले, "हे तरस आहे." मी म्हणालो, "हेच होते!" आणि ह्या वेळी मी खरे बोललो.

तरस घाबरले की आयाळ उभी करते. त्यामुळे ते आहे त्यापेक्षा मोठे दिसते. म्हणजे त्या संध्याकाळी मी त्याला भ्यालो होतो आणि ते मला भ्याले होते. आजीने चष्मा लावून फोटो बघितला आणि म्हणाली, "ह्ये तर लईच गरीब दिसतंय की."

काकांनी आम्हाला पुष्कळ माहिती सांगितली. तरस दिवसा बिळात किंवा कपारीत झोपते आणि रात्री फिरते. ते जास्त करून मेलेली जनावरे खाते. त्यामुळे रान साफ राहते. हसल्यासारखा आवाज काढणारे ठिपक्यांचे तरस आफ्रिकेत असते. आपले पट्ट्यांचे तरस फारसा आवाज करत नाही. ते सहसा माणसाच्या वाटेला जात नाही.

अस्वल बारामती-इंदापूरच्या माळावर राहत नाही. त्याला झाडी, वारुळे, मध आणि रानफळे लागतात. आपल्या महाराष्ट्रात अस्वले मेळघाटात, ताडोबात, गडचिरोलीच्या जंगलात आणि बुलढाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात आहेत. सह्याद्रीत कोयनेच्या जंगलातही आहेत. आपल्याकडे लांडगा, तरस, कोल्हा, खोकड आणि चिंकारा आहेत. ही माळावरची जनावरे आहेत. त्यांना मोठे जंगल लागत नाही, गवत लागते. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. ते १९९७ साली झाले. तेही चिंकारा हरणांसाठीच आहे. २०२३ साली वनखात्याने कडबनवाडीला आणि बारामती तालुक्यात शिर्सुफळला गवताळ रानाची सफारी सुरू केली. तिथे पाहुणे पैसे भरून तरस आणि लांडगा बघायला येतात. मला तर तरस फुकट दिसले!

आजीने काकांना दरवेशाचे विचारले. काका म्हणाले, "१९९८ साली सरकारने अस्वलाच्या खेळावर बंदी घातली. अस्वलाच्या पिल्लाला आईपासून तोडून आणायचे आणि त्याचे नाक टोचून दोरी घालायचे." आजी गप्प बसली. मग ताईत हातात धरून म्हणाली, "आमाला कुटं ठावं होतं, बाबा." त्या दिवसापासून तिने ताईत देव्हाऱ्यात ठेवला आहे.

जाताना काका म्हणाले की मेलेली जनावरे घराजवळ टाकू नका, म्हणजे तरस घराजवळ येणार नाही. मी विचारले, "मग ते काय खाणार?" काका हसले आणि म्हणाले, "माळ मोठा आहे." दुसऱ्या दिवशी अण्णांनी आणि तात्यांनी राहिलेले रेडकू वस्तीपासून लांब नेऊन टाकले.

आता ताई पुन्हा शाळेला जाते. मी सकाळी बॅटरी घेऊन तिला ओढ्याच्या पलीकडे सोडतो. हे काम मी आपणहून घेतले आहे. वाघ्या आमच्याबरोबर येतो. माझी चप्पल सापडली, पण ती कोणीतरी चावली होती. वाघ्याने का तरसाने ते मी बघितले नाही, म्हणून सांगत नाही.

मित्रांनो आणि पालकहो, मी ह्यातून जे शिकलो ते लिहितो. रानातले जनावर दिसले तर दगड मारू नये, मागे पळू नये, सावकाश मागे सरकावे. संध्याकाळी एकट्याने ओढ्यात जाऊ नये. ठसे दिसले तर पुसू नयेत, बोटे मोजावीत. वनखात्याच्या १९२६ नंबरला फोन करावा. विष घालू नये. आणि कोणी विचारले तर जेवढे बघितले तेवढेच सांगावे.

रात्री वाघ्या भुंकला की मी अजून जागा होतो. मग माझ्या मनात येते, तिकडे माळावर तरस चालले असेल, आयाळ खाली करून. मग मी झोपतो.

— एक विद्यार्थी, इयत्ता ४ थी