न हसणारा कीटन

बस्टर कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) हा मूकपट आजही हसवतो तो नायकाच्या, म्हणजे खुद्द कीटनच्या, धडपडण्यामुळे, हे मला पटत नाही. नायक डोकं चालवतो, म्हणून हसू येतं. धावत्या इंजिनाच्या पुढच्या जाळीवर तो बसलाय, हातात रुळांवरून उचललेला जाडजूड ओंडका, आणि समोर शत्रूने रुळावर टाकलेला दुसरा. तो हातातला ओंडका समोरच्याच्या टोकावर नेमका आपटतो. दोन्ही उडून बाजूला. चेहऱ्यावर ना भीती, ना फुशारकी. इंजिन खरं, वजन खरं, माणूसही खरा. नेम चुकला असता तर, या धास्तीतूनच हसू फुटतं.

कुणी म्हणेल, ही तर सर्कस झाली, विनोद कुठला? पण प्रेयसीने झिडकारलेला हाच नायक इंजिनाच्या चाकांना जोडलेल्या दांड्यावर खिन्न बसतो, इंजिन चालू लागतं आणि तो दांड्याबरोबर वर-खाली होत राहतो. त्याला पत्ताच नाही! इथे कसरत डोळ्यांत भरत नाही. त्याच्या दुःखाची यंत्राला पडलेली नसते, हे तेवढं दिसतं. दुसरा आक्षेप जड आहे: अमेरिकन यादवी युद्धात नायक दक्षिणेच्या बाजूचा, आणि गुलामगिरीबद्दल चित्रपट चकार शब्द काढत नाही. ही उणीव विनोदाआड झाकू नये. मात्र कीटन युद्धाच्या रुबाबाचीही फजिती करतो, हेही खरं. आणखी एक कबुली: जळत्या पुलावरून खरंखुरं इंजिन नदीत कोसळतं तो गाजलेला प्रसंग मला भव्य वाटतो, विनोदी नाही. तिथे पैसा दिसतो, डोकं कमी.