पाचवे रिव्हॉल्वर

मध्यम आकाराची चार रिव्हॉल्वर ज्याच्या संग्रही आहेत त्याने पाचवे घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न मराठी ललित निबंधाच्या कक्षेत सहजी बसणारा नाही, याची आम्हांस जाणीव आहे. आपल्याकडे संग्रहाविषयी लिहिले गेले ते नाणी, पोथ्या, दिवे, अडकित्ते यांच्या निमित्ताने. शस्त्रांविषयी लिहिले गेले ते बहुतांशी तलवारींविषयी, आणि तेही इतिहासाच्या अंगाने. रिव्हॉल्वर मराठी वाचकाला भेटले ते मुख्यतः बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजारच्या आणि काळापहाडच्या हाती, आणि तेथून ते फारसे बाहेर पडले नाही. तरीही गेले तीन आठवडे आमचे मन या एकाच प्रश्नाभोवती घोटाळते आहे. प्रारंभी तो केवळ हौसेचा वाटला होता. आता तो तसा वाटत नाही.

‘मध्यम’ या शब्दाचा अर्थ आधी सांगितला पाहिजे. स्मिथ अँड वेसन या अमेरिकन कारखान्याने आपल्या रिव्हॉल्वरच्या सांगाड्यांना रोमन अक्षरांची नावे दिली आहेत. ‘जे’ लहान, खिशात मावणारा, बहुधा पाच गोळ्यांचा; ‘एन’ थोरला, जड; आणि या दोहोंमधला ‘के’, सहा गोळ्यांचा, सरासरी माणसाच्या मुठीत नेमका बसणारा. १८९९ साली निघालेले ‘मिलिटरी अँड पोलीस’ हे या ‘के’ घराण्याचे मूळ पुरुष. विसाव्या शतकातील अमेरिकन पोलिसाच्या कमरेला जे शस्त्र बहुतेक वेळा दिसते ते हेच, किंवा कोल्ट कारखान्याचे त्याच मापाचे भावंड.

आमच्याकडील चारांपैकी तीन ‘के’ आहेत आणि एक कोल्ट. पाहुण्याला ती चारही सारखीच दिसतात, आणि यात पाहुण्याचा काही दोष नाही. ज्ञानेश्वरीच्या चार प्रती शेजारी ठेवल्या तर ज्याला पाठभेदांची गोडी नाही त्याला त्या चार सारखीच पुस्तके दिसणार. राजवाडे प्रत १९०९ साली छापली गेली तेव्हा घरात आधीची छापील ज्ञानेश्वरी असताना ही आणखी कशाला, असे विचारणारे कोणी ना कोणी असेलच. पाठचिकित्सकाची नजर ओव्यांच्या आशयावर नसते असे नव्हे, पण आधी ती एखाद्या प्रत्ययाच्या रूपावर, एखाद्या अनुस्वारावर थांबते. कारण काळ तेथे सापडतो. रिव्हॉल्वरमध्ये काळ स्क्रूंत सापडतो. जुन्या ‘के’ सांगाड्याला पाच स्क्रू असत. १९५० च्या दशकाच्या मध्यावर बाजूच्या पत्र्याचा वरचा स्क्रू गेला, १९६१ च्या सुमारास चापाच्या कडीपुढचा गेला. १९५७ पूर्वी या शस्त्रांना नावे होती, त्या वर्षापासून क्रमांक आले. १९८२ पर्यंत नळी सांगाड्याला एका आडव्या खिळीने जखडलेली असे. पुढे ती खिळी वाचवली गेली. लेखनिकाने ओवी गाळावी तसा कारखाना एकेक भाग गाळत गेला. खर्च कमी करण्याची ही कहाणी आहे, आणि ती शब्दाशिवाय लिहिलेली आहे.

झिजही वाचता येते. आमचे ‘मॉडेल १०’ कोठल्याशा पोलीस खात्याने मोडीत काढलेले आहे. नळीच्या तोंडाशी निळा मुलामा पार उडाला आहे, कारण ते वर्षानुवर्षे चामड्याच्या म्यानात आत-बाहेर होत राहिले. पण आतील यंत्रणा जवळपास नवी आहे. म्हणजे ते बाळगले पुष्कळ गेले, झाडले क्वचितच गेले. त्या अनाम पोलिसाची नोकरी बरी गेली असावी, असा अर्थ आम्ही त्यातून काढतो. ‘मॉडेल १९’ ची गोष्ट उलट आहे. मध्यम सांगाड्यात .३५७ मॅग्नमचे थोरले काडतूस बसवण्याचे ते १९५५ सालचे धाडस. नळीचे मागचे तोंड खालून थोडे कापून सपाट करावे लागले, आणि हलक्या, वेगवान गोळ्या सतत झाडणाऱ्यांच्या शस्त्रांना नेमकी तेथेच चीर जाऊ लागली. मग १९८० च्या सुमारास कारखान्याने थोडा दणकट ‘एल’ सांगाडा काढला. कोल्ट ‘ऑफिशियल पोलीस’ आम्ही ठेवले आहे ते केवळ मतभेद म्हणून. त्याचे सिलिंडर घड्याळाच्या दिशेने फिरते, स्मिथचे उलट. ते उघडायला खिटी मागे ओढावी लागते, स्मिथची पुढे ढकलावी लागते. ज्याच्या बोटांना एकाची सवय आहे त्याला दुसऱ्यापुढे अक्षरशः अडाणी व्हावे लागते.

चौथे म्हणजे महायुद्धातील ‘व्हिक्टरी’. राखाडी, बिनझिलईचे, मुठीच्या तळाशी दोरीसाठी कडी असलेले. क्रमांकाआधी ‘व्ही’ हे अक्षर. ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यांसाठी बनवलेल्या या नगात जे काडतूस बसते तेच मार्क चार वेब्लीत बसे, आणि आमचे आजोबा सातारा जिल्ह्यात फौजदार असताना त्यांच्या कमरेला ती वेब्ली होती. आम्ही ती कधी पाहिली नाही. ती सरकारी, निवृत्तीच्या दिवशी जमा झाली. घरात उरले ते खुंटीवर लटकणारे रिकामे चामडे. त्यात आजी पुढे सुया-दोरे ठेवी. आमचा सगळा संग्रह त्या रिकामेपणातून निघाला असे कोणी म्हटले तर आम्ही वाद घालणार नाही, पण तो मोह थोडा जास्तच सोयीचा आहे. असो.

आता पाचवे. पिट्सबर्गजवळच्या आमच्या ओळखीच्या दुकानदाराकडे एक ‘मॉडेल १५’ आले आहे. चार इंची नळी, .३८ स्पेशल, साठच्या दशकातले, खिळीसकट. हे मूलतः ‘मॉडेल १०’ च आहे, फक्त मागची माशी स्क्रूने वर-खाली, डावी-उजवीकडे सरकवता येते. अमेरिकी हवाई दलाच्या पहारेकऱ्यांनी ते अनेक वर्षे वापरले. दुकानदाराने शनिवारपर्यंत बाजूला काढून ठेवले आणि म्हणाला, घाई नाही.

भारतात हा प्रश्न उद्भवलाच नसता. शस्त्र अधिनियमाने १९८३ पासून परवानाधारकाला तीन अग्निशस्त्रांची मर्यादा घातली होती, २०१९ च्या दुरुस्तीने ती दोनवर आणली. तेथे ‘पुरे’ हा शब्द शासन उच्चारते. पेनसिल्व्हेनियात दुकानदार केंद्र सरकारचा एक फॉर्म पुढे करतो. तुम्ही फरार आहात काय, अमली पदार्थांच्या आहारी गेला आहात काय, कोणत्या देशाचे नागरिक आहात, असे बरेच काही त्यात विचारलेले असते; मग राज्य पोलिसांकडे चौकशी होते. तुमच्या घरी आधीच किती आहेत, हा प्रश्न त्या फॉर्मवर नाही. तुम्ही कोण, एवढेच कायदा विचारतो. किती, हे ज्याने त्याने स्वतःला विचारायचे. आणि संग्राहक हा या प्रश्नाचे उत्तर द्यायला सर्वांत नालायक माणूस.

घरी आम्ही विषय काढला तो जागेच्या अंगाने. तिजोरीत अजून दोन मावतील, असे म्हटले. सौ. म्हणाली, “अहो, पाचव्याला माझी हरकत कधीच नव्हती. हरकत पहिल्याला होती, आणि तेव्हा तुम्ही विचारलं नव्हतं.” हे शब्दशः खरे आहे. या देशात बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात, हे आम्हांस ठाऊक आहे; आणि त्यासाठी एकच पुरते. घरात जो धोका यायचा तो पहिल्या शस्त्राबरोबर आला. पाचवे त्यात जवळपास काहीच भर घालीत नाही. आमच्या हौसेला अनुकूल असा हा युक्तिवाद आहे, आणि तो तसा आहे म्हणूनच त्याचा आधार घेणे आम्हांस रुचले नाही.

मुलीला दूरध्वनी केला. ती मॅसॅच्युसेट्समध्ये असते. तेथे रिव्हॉल्वर बाळगायला परवाना लागतो. “बाबा, तुमची पुस्तकं मी ट्रक करून आणीन. ही मला नकोत. खरंच नकोत.” पुस्तके निदान ग्रंथालयाच्या दारात ठेवता तरी येतात. आम्ही गेल्यावर ही चार शस्त्रे निकालात काढण्याचे काम एका अशा बाईवर पडणार आहे जिने त्यांना आजवर हात लावलेला नाही. सिलिंडर कसे उघडायचे, आत काडतूस नाही ना हे कसे पाहायचे, कोणत्या दुकानदाराला बोलवायचे, हे सारे आम्ही गेल्या रविवारी तिला मराठीत लिहून दिले. दोन पाने झाली. कोल्टसाठी वेगळा परिच्छेद लागला, कारण त्याची खिटी उलटी.

त्यानंतर एक साधी अट घातली. पाचवे आले तर चारांतले एक जाईल. रात्री चारही टेबलावर मांडली. ‘मॉडेल १०’ गेले तर तो अनाम पोलीस जातो. ‘१९’ गेले तर धाडस आणि त्याची चीर समजावायला काही उरत नाही. कोल्टशिवाय स्मिथची दिशा ही दिशा आहे हेच कळणार नाही. ‘व्हिक्टरी’चा विचार आम्ही केलाच नाही. मग ‘मॉडेल १५’ असे काय सांगेल, जे या चौघांनी सांगितलेले नाही? मागची माशी सरकते. एवढेच. चांगला पाठभेद आहे, पण तो तळटीपेत मावतो.

शुक्रवारी दुकानदाराला कळवले. तो म्हणाला, हरकत नाही. मंगळवारी एक गृहस्थ यायचे आहेत, त्यांना पंधराच हवे आहे. त्यांच्याकडे अजून एकही नाही.