हिवताप नसलेल्या शहरातून

अबुधाबी

आदरणीय गुरुवर्य यांस,


आपले पत्र पोहोचले. ज्या देशात 1997 नंतर स्थानिक हिवतापाचा रुग्ण आढळला नाही आणि ज्यास जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली हिवतापमुक्तीचा दाखलाही दिला, तेथे राहून त्याच रोगाच्या परोपजीवीवर संशोधन करण्याचे प्रयोजन काय, हा आपला प्रश्न रास्त आहे.

येथे बंदोबस्त झाला तो स्थानिक प्रसाराचा. परोपजीवी मात्र भारतातून, पाकिस्तानातून आणि आफ्रिकेतून येणाऱ्यांच्या रक्तावाटे येतच असतो, आणि त्यातला व्हायव्हॅक्स हा प्रकार यकृतात महिनोन्‌महिने सुप्त राहतो. माझा संबंध रुग्णाशी नाही, परोपजीवीच्या प्रथिनांच्या आकाराशी आहे. आणि या कामाची निकड मला क्लोरोक्विन या औषधाच्या इतिहासाइतकी दुसऱ्या कशातही दिसत नाही.

तांबड्या पेशीतले हिमोग्लोबिन पचवताना सुटणारे विषारी हीम परोपजीवी निरुपद्रवी स्फटिकांत बद्ध करून टाकतो, आणि क्लोरोक्विन नेमकी तीच क्रिया रोखते. 1950 च्या दशकाअखेरीस हे स्वस्त, गरिबाला परवडणारे औषध निष्फळ ठरू लागले, 1973 साली आसामातही तशी नोंद झाली. पण परोपजीवीच्या पचनकोशिकेच्या पटलातील ज्या वाहक प्रथिनात, इतर काही बदलांसमवेत, 76 व्या स्थानी लायसिनऐवजी थ्रिओनिन आल्याने औषध बाहेर फेकले जाते, त्या प्रथिनाची त्रिमितीय घडण अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने डोळ्यांपुढे आली ती 2019 साली. मध्यंतरीच्या साठ वर्षांत किती बालके दगावली असतील! आज आर्टेमिसिनिन या औषधाला सहजी दाद न देणारे परोपजीवी आग्नेय आशियापाठोपाठ पूर्व आफ्रिकेतही आढळत असता, पुन्हा तेवढा विलंब आपल्याला परवडणार नाही.

काम चिवट आहे. फाल्सिपारम या परोपजीवीच्या जनुकसंचात ॲडेनिन व थायमिन यांचे प्रमाण 80 टक्क्यांहून अधिक असल्याने त्याची प्रथिने प्रयोगशाळेतल्या जिवाणूंकरवी घडवू गेल्यास ती पुष्कळदा नीट दुमडत नाहीत, विंचरलेल्या केसांच्या गुंतवळासारखी गोळा होऊन तळाशी बसतात. आणि पीएच.डी.नंतरच्या अशा नेमणुकीची मुदत तर दोन-तीन वर्षांचीच असते.

तथापि प्रथिनाच्या ज्ञानातून काय साधते, याचे उदाहरण आपल्या पुण्यातच आहे. ऑक्सफर्डमध्ये सिद्ध झालेली आणि सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-21 लस, जिची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये केली, ती परोपजीवीच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाचा निवडक अंश हिपॅटायटिस-बी विषाणूच्या प्रथिनाशी जोडूनच रचलेली आहे.

एक विनंती. पीएच.डी.नंतरची ही वर्षे म्हणजे लांबलेले शिक्षण वा बेकारी नव्हे, ती संशोधकाच्या खऱ्या कामाची वर्षे होत, हे आपल्याकडे येणाऱ्या पालकांना आपण समजावून सांगावे. आपल्या शब्दाला तेथे मान आहे. आणि रसायनशास्त्रात रमणारी, अपयशाने खचून न जाणारी एखादी विद्यार्थिनी आढळल्यास तिला माझा पत्ता अवश्य द्यावा.

आपली आज्ञाधारक विद्यार्थिनी