नगरसूल ते नरसापूर: गोदावरीच्या गाळामागे

येवला तालुक्यातल्या नगरसूलहून सुटणारी एक्स्प्रेस थेट आंध्रातल्या नरसापूरला जाते. गाडीत गर्दी शिर्डीहून परतणाऱ्या तेलुगू भाविकांची. त्यांच्या पिशव्यांत प्रसाद, माझ्या डोक्यात आमच्या शिवारातली काळी माती. तीही त्याच दिशेला जाते, फक्त गोदावरीच्या पाण्यातून.

संभाजीनगर, जालना, परभणी. खिडकीबाहेर तीच जमीन: दख्खनच्या बेसॉल्टची झीज होऊन झालेली, उन्हाळ्यात भेगाळणारी, पावसात चपलेला चिकटून बसणारी. हा चिकटपणा स्मेक्टाइट नावाच्या खनिजाचा. हेच खनिज बंगालच्या उपसागराच्या तळावर, कृष्णा-गोदावरी खोऱ्यात भरपूर सापडतं. पैठणचं जायकवाडी धरण 1976 साली पूर्ण झालं. तेव्हापासून वरचा बराच गाळ तिथेच बसतो. पण समुद्रतळावरचे थर धरणांच्या कितीतरी आधीचे आहेत.

विजयवाड्यानंतर सगळा भात आणि नारळ. नरसापूरला गोदावरीच्या फाट्याचं नाव वसिष्ठा. येवल्याची जशी पैठणी, तशी इथली क्रोशाची लेस प्रसिद्ध. पलीकडच्या सखिनेटिपल्लीला पंट (फेरीबोट) जातो, मोटारसायकली आणि माणसं एकत्र भरून. मी कठड्यावरून वाकून ओंजळभर पाणी घेतलं. ते निथळल्यावर तळहाताच्या रेषांत बारीक तपकिरी साय उरली. चिमटीत घासली तर वाळूसारखी करकरली नाही, साबणासारखी घसरली. पुढे अंतर्वेदीला लक्ष्मीनरसिंहाचं देऊळ आणि मग समुद्र. प्रवाशाची वाट इथे संपते, गाळाची नाही.

गाळाबरोबर पालापाचोळा आणि सूक्ष्म जीवांचे अवशेषही गाडले जातात. खाली ऑक्सिजन नसतो. तिथे आर्किया नावाचे सूक्ष्मजीव मिथेन तयार करतात. गावाकडच्या गोबरगॅसच्या टाकीत चालतं तेच काम. खोल समुद्रात थंडी आणि दाब एवढा, की पाण्याचे रेणू या वायूला बर्फासारख्या जाळीत कोंडतात. त्याला हायड्रेट म्हणतात. एक घनमीटर हायड्रेट वितळलं तर साधारण 164 घनमीटर वायू सुटतो. 2006 साली ‘जॉइडेस रिझोल्यूशन’ जहाजाने कृष्णा-गोदावरी खोऱ्यात छिद्रं घेतली, तेव्हा एका ठिकाणी हायड्रेटचा सुमारे 130 मीटर जाड थर लागला.

कोंडलेलं सगळंच कोंडून राहत नाही. 2018 मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचं ‘सिंधू साधना’ जहाज इथे फिरत असताना, पाण्यातून वर चढणारे वायूचे झोत ध्वनिलहरींच्या चित्रांत उमटले. खोली 900 ते 1800 मीटर. संस्थेचे अनिंद्य मजुमदार आणि सहकाऱ्यांनी गाळाचे नमुने काढले, तर काही ठिकाणी हायड्रेट तळाखाली अवघ्या दोन-तीन मीटरवर होतं. समुद्रतळातून असा वायू झिरपतो त्या जागेला थंड झरा म्हणतात; भारताच्या सागरी हद्दीतल्या सक्रिय थंड झऱ्याचा हा पहिला पुरावा.

खरी गंमत मात्र रसायनात आहे. वर येणाऱ्या मिथेनची गाठ समुद्राच्या पाण्यातून खाली झिरपलेल्या सल्फेटशी पडते. तिथे आर्किया आणि जिवाणूंची जोडी ऑक्सिजनशिवायच मिथेन खाते. उरतो हायड्रोजन सल्फाइड, सडक्या अंड्याच्या वासाचा, आणि बायकार्बोनेट. सल्फाइडला गाळातलं लोह मिळालं की पायराइट घडतो. बायकार्बोनेटला कॅल्शियम मिळालं की चुनखडीचे पापुद्रे. त्या चुनखडीत हलक्या कार्बनचं प्रमाण जास्त असतं, म्हणून हजारो वर्षांपूर्वी विझलेला झराही ओळखू येतो. अंधारात शिंपले आणि नळीकिडे जगतात तेही याच रसायनावर. त्यांच्या शरीरात राहणारे जिवाणू त्यांचा स्वयंपाक करतात.

खोलातून वर येणाऱ्या मिथेनचा मोठा वाटा ही सूक्ष्मजीवांची फळी गाळातच अडवते. ती मोडू नये म्हणून हायड्रेटमधला वायू उपसण्याच्या योजना आखणाऱ्यांनी आधी या झऱ्यांचा नकाशा पुरा करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.