वसईच्या खाडीकाठी जुने शीडयंत्र

वसई रोड स्थानकापासून पश्चिमेकडे निघालेला रस्ता जुन्या गावातून किल्ल्याकडे वळला, की हवेत खारट ओलावा जाणवू लागतो. किल्ल्याच्या तटाला लागूनच पाचूबंदर आहे. ओहोटीच्या वेळी येथील होड्या चिखलात एका कुशीवर कलंडून पडतात आणि भरती येईपर्यंत त्यांना कोणीही हलवू शकत नाही. वापरातून गेलेली एखादी होडी मात्र तशीच किनाऱ्यावर राहते. मग तिची सुटी अंगे निघू लागतात. साखळी, कप्पी, नांगर, सुकाणूचे लोखंड, शेवटी फळ्या. जे दुसऱ्या होडीला चालेल ते होडीला जाते, आणि जे चालणार नाही ते तराजूवर.

वसईला ही रीत नवी नाही. १७३९ साली चिमाजीअप्पांच्या सैन्याने हा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, तेव्हा चर्चच्या मनोऱ्यांतील मोठ्या घंटा उतरवून घाटावर नेल्या गेल्या. नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या मंदिरावर जी घंटा आहे, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेले आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावरील घंटेवर १७०७. धातू तोच राहिला, नाद तोच राहिला, मालक आणि ठिकाण बदलले. उतरवणाऱ्यांनी ती ओतीव वस्तू न फोडता उतरवली, म्हणूनच ती आजही वाजते. सुटे करणे हे मोडण्यापेक्षा अवघड काम आहे, हे या घंटा पाहताना सहज लक्षात येते.

या किनाऱ्याचा व्यापार शिडावर उभा होता. सोपारा हे प्राचीन बंदर. अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा येथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना मिळाला, आणि नववा १९५६ साली भुईगावला सापडला. जैन परंपरेतील वज्रसेनसूरींची कथाही याच सोपाऱ्याची. दीर्घ दुष्काळात जिनदत्त श्रेष्ठीच्या घरी लक्ष मोलाचे धान्य शिजत होते, आणि ते शेवटचे अन्न विष कालवून सर्वांनी घ्यावे, असा घरचा निश्चय झाला होता. तेवढ्यात भिक्षेसाठी आलेल्या वज्रसेनांनी उद्या सुकाळ होईल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी धान्याची जहाजे बंदरात लागली. श्रेष्ठीच्या नागेंद्र, चंद्र, निर्वृती आणि विद्याधर या चारही पुत्रांनी पुढे दीक्षा घेतली. कथेचा धार्मिक अर्थ सर्वश्रुत आहे. व्यापाऱ्याच्या नजरेला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते: एका घराचे मरणे आणि जगणे त्या दिवशी कुठल्याशा अनोळखी तांडेलाच्या शिडावर, दोरावर आणि डोलकाठीवर अवलंबून होते.

सोपाऱ्याच्या उत्तरेस आगाशी. मुनिसुव्रतस्वामींच्या दर्शनासाठी तेथे जाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की सोळाव्या शतकात हे गाव इमारती लाकूड आणि जहाजबांधणी यांसाठी नावाजलेले होते. पोर्तुगीजांनी १५३० आणि १५३१ अशी लागोपाठ दोन वर्षे ते लुटले, यावरूनच त्याची संपन्नता कळते.

पुढे रेल्वे आली. १८६४ साली बी.बी.सी.आय.ची गाडी मुंबईत ग्रँट रोडपर्यंत धावू लागली आणि वसईची केळी, विड्याची पाने शिडाच्या पडावाऐवजी डब्यातून जाऊ लागली. होड्यांवरचे शीड त्यानंतरही बराच काळ टिकले. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत यंत्रे बसत गेली तसे तेही उतरले. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई ते भाईंदर रोरो फेरी सुरू झाली. आज तिच्या कठड्याशी उभा राहिलेला प्रवासी खाडीभर पाहतो, तेव्हा पाणजू बेटाच्या बाजूला रेल्वेचे पूल दिसतात, यांत्रिक होड्या दिसतात. शीड क्वचितच.

जुन्या शिडाचे काम कष्टाचे होते. तिरप्या लांब परबाणाला बांधलेले ते जड कापड अनेक हातांनी वर ओढावे लागे. वाऱ्याची बाजू बदलायची तर परबाण डोलकाठीच्या पुढून फिरवून पलीकडे न्यावे लागे. वारा वाढला तर मोठे शीड उतरवून लहान चढवावे लागे. हे सारे नेमके त्या वेळी, जेव्हा नाळेवर लाट आदळत असते आणि पायाखालची फळी ओली असते. माणसे गेली ती बहुधा अशाच घटकेला.

शौकाच्या आणि शर्यतीच्या आधुनिक शिडनौकांवर या अडचणीवर जे उत्तर बसवलेले असते, त्याला फर्लर म्हणतात. पुढचे त्रिकोणी शीड गुंडाळणारे हे यंत्र आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये वायकम-मार्टिन नावाची गुंडाळी प्रचारात आली, तिचेच हे सुधारलेले वंशज. रचना ऐकायला सोपी आहे. डोलकाठीच्या टोकापासून नाळेपर्यंत पोलादी तारांचा एक ताण असतो. त्याच्यावर अल्युमिनियमची पोकळ, खाचेची नळी चढवलेली असते. शिडाची पुढची कड त्या खाचेत सरकवलेली असते. खाली एक रीळ, वर एक फिरती कडी. रिळावरचा दोर मागे बसलेल्या माणसाने ओढला की रीळ फिरते, त्याबरोबर नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती गुंडाळले जाते. कोणालाही पुढे जावे लागत नाही.

असे यंत्र नवे घ्यायचे तर ते बहुतेक परदेशातून येते आणि त्याचा भाव हौशी माणसाला दडपून टाकणारा असतो. म्हणून जुन्याचा शोध सुरू होतो. मुंबईत रे रोडजवळचे दारूखाना हे जहाजे मोडण्याचे आणि जहाजांचे सुटे सामान विकण्याचे जुने ठिकाण. तेथील ढिगात मोठ्या जहाजांचे दिवे, पंप, दोरखंड, होकायंत्रे यांची कमतरता नसते. शिडनौकेचा फर्लर मात्र नशिबाने, किंवा एखाद्या नौकामालकाने आपला जुना काढून टाकला तरच मिळतो. विकणाऱ्याच्या लेखी ते इतके किलो अल्युमिनियम आणि इतके किलो स्टेनलेस असते. घेणाऱ्याच्या लेखी काय, हे उघडून पाहिल्यावरच ठरते.

नौकेवर चढवलेला जुना फर्लर उतरवायचा असेल, तर पहिला धोका तेथेच आहे. ज्या तारेभोवती हे यंत्र फिरते, तीच तार डोलकाठीला पुढून धरून ठेवते. तिची पिन काढण्यापूर्वी शीड चढवण्याचा दुसरा मजबूत दोर नाळेला बांधून ताणून घेतला पाहिजे. घाईत हे राहिले, तर डोलकाठी मागे कलते, आणि तिच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला सावरायला वेळ मिळत नाही.

खाली आणल्यावर नळी सपाट फरशीवर ठेवून हळूहळू लोळवतात. वाकलेली नळी लगेच उडी मारते. ती सरळ असेल तरच पुढचे कष्ट घ्यावेत. साधारण दोन-दोन मीटरच्या तुकड्यांनी जोडलेल्या या नळीचे स्क्रू स्टेनलेसचे असतात आणि अंग अल्युमिनियमचे. खाऱ्या पाण्यात हे दोन धातू एकमेकांना लागून राहिले, की अल्युमिनियम झिजते, पांढरी भुकटी धरते आणि स्क्रू असा घट्ट बसतो, जणू ओतूनच बसवला आहे. वर्षानुवर्षे मीठ साचलेल्या जागी जोर कामाचा नाही. मुरणारे तेल सोडायचे, रात्रभर थांबायचे, पुन्हा सोडायचे. काही कारखाने स्क्रूला चिकटद्रव लावतात. तो मऊ होण्यासाठी हलकी उष्णता द्यावी लागते. मग योग्य मापाचा पेचकस, त्याच्यावर हातोडीचा बेताचा ठोका, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी स्क्रू कुरकुरत वळतो. पहिल्याच दिवशी डोके झिजवून बसलेला माणूस नंतर ड्रिल घेऊन तेच काम दुप्पट खर्चात करतो.

रीळ आणि वरची कडी उघडताना खाली पांढरे कापड अंथरतात, कारण काही बनावटींत सुटे गोळे असतात आणि एक जरी घरंगळून गेला तरी जोडणी अपुरी राहते. गोळे मोजून वाटीत ठेवायचे, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र काढायचे, भाग काढले त्याच क्रमाने ओळीत मांडायचे. ज्या बनावटीत गोळे पाण्याने धुतले जावेत अशी योजना असते, तिच्यात वंगण भरणे चुकीचे. बंद बेअरिंगला वंगण हवेच. येथे वसई पूर्वेचा उपयोग होतो. वालीव, सातिवली, गोखिवरे या भागांतील छोट्या कारखान्यांत लेथ, ड्रिल आणि वेल्डिंग यांची वानवा नाही. झिजलेली बुशी नमुना दाखवून तेथे करून घेता येते, आणि प्रमाणित मापाची बेअरिंगे दुकानांतून मिळतात. या परिसरातील कितीतरी व्यापारी घरांचे आयुष्य अशाच बुशी, बोल्ट आणि बेअरिंगांत गेले आहे. एखादा जुना दुकानदार माप न घेता नुसता भाग बोटांत फिरवून आकडा सांगतो.

जोडताना प्रत्येक स्क्रूला दोन धातूंना वेगळे ठेवणारा लेप लावावा लागतो. हा लेप आधीच्या माणसाने लावला असता, तर चार दिवसांचे तेल वाचले असते.

राहते ती आतली तार. एकोणीस पदरांची ती तार बाहेरून आरशासारखी चकचकीत असते, आणि बहुतेकांचा मोह तिथेच होतो. पण वरची कडी नीट न फिरल्याने शीड चढवणारा दोर ताणाभोवती गुंडाळला गेला असेल आणि कोणीतरी रीळ जबरदस्तीने ओढले असेल, तर वरच्या टोकाशी पदर तुटलेले असतात. नळीच्या आत ते दिसत नाहीत. टोकाला दाबून बसवलेल्या पोलादी टोपणात पाणी मुरून पडलेली भेगही भिंगाशिवाय कळत नाही. दहा-पंधरा वर्षांनी ताण बदलावेत, असे जाणकार म्हणतात. जुन्या यंत्रातील तारेचे वय तर कोणालाच माहीत नसते.

डोलकाठी गेली म्हणजे काय होते, हे या देशाने २१ सप्टेंबर २०१८ रोजी ऐकले. गोव्यात दिवार येथे बांधलेली ‘थुरिया’ घेऊन एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणेस निघालेले नौदल अधिकारी अभिलाष टॉमी दक्षिण हिंदी महासागरात वादळात सापडले. नौका उलटली, डोलकाठी मोडली, पाठीला जबर दुखापत झाली. २४ सप्टेंबरला फ्रेंच गस्ती नौका ‘ओसिरिस’ने त्यांना वाचवले. तेथे दोष वादळाचा होता, तारेचा नव्हे. पण वादळ येणारच असते. तार कोणती बांधायची, एवढेच माणसाच्या हातात असते.

म्हणून जुन्या फर्लरमधील रीळ, कडी, नळी यांना धुऊन, तासून, लेप लावून दुसरे आयुष्य मिळते आणि तार मात्र नवी घेतली जाते. जुनी तार पुन्हा कोणाच्या हाती ‘चांगली आहे’ म्हणून जाऊ नये, यासाठी विकणारा जाणता असेल तर तिचे हात-हातभर तुकडे करतो. चकचकीत असली तरी ती भंगारच्या तराजूवर, स्टेनलेसच्या भावाने जाते.